सहा फूट रुंद

पाटबंधारेवाल्यांची ही तपासणीची लाँच.
साहेब लोक बसायचे तेव्हा हिला पडदे होते.
मग दहा वर्षं पैठणच्या काठावर पालथी पडली,
पोटात कुत्री व्यायची.
लिलावात कुणी बोलीच लावीना,
पावती फाटली ती कचरू सखाराम लिंबोरे, निवृत्त खलाशी, या नावानं.
अठ्ठावीस वर्षं हिच्यापायी रात्री-बेरात्री उठून जायचे हे.
लोकांच्या घरात सवत येते.
मी बिऱ्हाड बांधून सवतीच्या घरी गेले.

लांबी छत्तीस, रुंदी सहा.
दोघांनी एकदम उभं राहायचं नाही.
हे चालले की मी बसायचं,
मी भाकरी थापते तोवर हे टपावर.
डबे खिळ्यांना, ताटल्या खाचेत,
मीठ, काडीपेटी आणि बीपीच्या गोळ्या
एकाच कोरड्या बरणीत.
लग्नातला तांब्याचा हंडा नणंदेकडं ठेवलाय.
मला त्याची आठवण येते. हंड्याचं माहीत नाही.

भांडण झालं तर रुसून जायला जागा नाही.
पुढच्या टोकाला मी, सुकाणूशी हे,
मधी इंजिन, तेवढंच तिसरं माणूस.
तेही नेमकं तेव्हाच बंद पडतं
आणि पाना धरायला मला हाक येते.

चहूकडं पाणी,
प्यायचा जार मात्र फाट्यावरून, वीस रुपयाला.

तलाठी विचारतो, गट नंबर?
हे म्हणतात, पाणी लिहा.
कुठल्या काठाचं?
ते औंदाच्या पावसावर हाय साहेब.
रेशन अजून दिराच्या पत्त्यावरच येतं.

मार्च लागला की काठ रोज थोडा लांब जातो.
काल ज्या बाभळीच्या खुंटाला दोर होता
ती आज चिखलापल्याड एकटीच उभी.
दुधवाल्याचा मुनीर किटली घेऊन वरड्यावरनं ओरडतो,
चाची, घर किधर लेके गए?
आम्ही कुठं नेलं बाबा, परभणीनं नेलं.
डाव्या कालव्याला पाळी सुटली
की एका रात्रीत घर दोन बोटं उतरतं.
कुणाचा तरी ऊस भिजतो,
आमची फळी काठाला पुरत नाही.

उजवा कालवा माजलगावकडं. तिथं आमची अयोध्या दिलीय.
फोन करते, आई, तुमचं पाणी आलं गं.
मी विचारते, कसंय?
माहेरहून आलेल्या माणसाचं विचारावं तसं.
ती म्हणते, गढूळ हाय. पण बरं हाय.
दिवाळीला आली होती, रात्रभर बसून राहिली,
पोराला ओढणीनं खांबाला बांधून.
पोरगं निवांत झोपलं.
सकाळी कडेला उभं राहून थेट धरणात मुतलं
आणि आमच्याकडं बघून हसलं.
मी अयोध्येला म्हटलं, हे आता तुझ्या आधी पोचणार माजलगावला.

थंडीत रोहित पक्षी येतात, त्यांच्यामागं कॅमेरेवाले.
पक्षी उडाले की आमच्या वाळत्या लुगड्याचा फोटो काढतात.
एक बाई म्हणाली, काकू, भीती नाही वाटत?
वाटते की. उंदराची.
एक आत शिरलाय गेल्या वर्षी,
काठाला लागलो तरी उतरत नाही.
पीठ खातो, वायर कुरतडतो.
हे म्हणतात राहू दे, तोही निवृत्त असंल.

इथं खाली कुणाचं गाव होतं म्हणतात.
असंल.
मी खरकटं टाकताना जरा थांबते, एवढंच.

आज चुलीवर वरण ठेवलंय.
झाकण काढून बघितलं तर
पातेल्यात ते एका अंगाला चढलेलं,
डावीकडं बोटभर कोरडं.
बाहेर अंधार, हे टपावर रेडिओ कानाला लावून.
मी खालनं भांड्यानं छत वाजवते.
अहो, दोर.
वरून उत्तर नाही.
अहो, पाणी सोडलं वाटतं, दोर सैल करा.
उंदीर तेवढा उजवीकडं पळाला.