नाडीची जागा

लष्करातल्या थंडीत शिंक आली
की आधी उशी शोधायची,
पोटाशी घट्ट धरायची, मग शिंकायचं.
हे सिस्टर कुशवाहांनी शिकवलं.
हसण्याचं मात्र कुणी सांगितलं नव्हतं.
दिगंबरने लंगोट उलटा बांधला
आणि मी डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले,
टाक्यांसकट.

परकराची नाडी नेमकी तिथेच काचायची.
जाऊबाईंनी एका दुपारी न बोलता
झबल्यांतून उरलेल्या मलमलीचे
दोन घोळदार गाऊन शिवले.
नाड्या गुंडाळून डब्यात ठेवल्या,
"लागतील पुढे," एवढंच म्हणाल्या.

सहा आठवडे झाले. डॉक्टरीण म्हणाली,
आता हात लावा, घाबरू नका.
धुकं उठलं की गच्चीवर बसते,
बोटावर थेंबभर तीळतेल.
आधी व्रणाच्या वर, मग कडेकडेने, गोल.
बोटाला कातडी कळते,
कातडीला बोट कळत नाही.
मधेच एक बधिर पट्टी,
अंधारात पायरी चुकावी तशी.

खाली ती जागी होते, भोंगा सुरू.
याच दारातून आली बया,
आणि मागून कुणी घाईत
कडी जरा वाकडी लावली.

थंडीत कुरकुरते अजून.
तेल घालतेय रोज.