पंचवीस अक्षरं

गुरुवारी जुना कॉम्प्युटर निळा पडला
तो पुन्हा उठलाच नाही.
नव्या मशीनवर नवं ऑफिस,
पण परकारांची फाईल त्याच्या घशाखाली उतरत नाही.
उघडते, नावं दाखवते, तारखा दाखवते,
आणि बेरजेच्या चौकटीत विचारते: नेम?
कुणाचं, ते काही सांगत नाही.

मी सांगितलं असतं. येलय्या.
एकोणीस वर्षं, चार महिने, नऊ दिवस वेल्डिंग,
मूळ पगार एकशे ऐंशी दिनार,
शनिवारी रात्री हैदराबादचं विमान.
मालक म्हणाले, विनया, बघ जरा,
तुला त्यातलं कळतं.
मला त्यातलं कळतं म्हणजे
प्रिंटरमध्ये अडकलेला कागद मी न फाडता काढते.

शुक्रवार. सित्र्याच्या वर्कशॉपांना कुलपं.
लांब रिफायनरीची ज्योत तेवढी ड्यूटीवर.
सीडी सापडली गॅस्केटच्या खोक्यात,
पाठीवर ग्रीसचा अंगठा.
भांड्यांच्या साबणाने धुतली, ओढणीने पुसली.

सेटअप म्हणाला, इथे याहून नवी आवृत्ती आहे.
ती काढली.
सेटअप म्हणाला, काढलेली नाही.
यादीत तिचं नाव नाही, डेस्कटॉपवर चित्र नाही,
तरी हा हटून बसलेला,
भाडेकरू जाऊन वर्ष झालं तरी
त्याच्या नावाने येणाऱ्या वीजबिलासारखा.
मग रजिस्ट्रीत उतरले,
एकेक नोंद पुसताना श्वास धरून.
रीस्टार्ट. चहा. रीस्टार्ट.
पट्टी सरकत सरकत ऐंशी टक्क्यांवर गेली
आणि म्हणाली, एक फाईल वाचता येत नाही.

पुन्हा साबण.

शेवटी त्याने किल्ली मागितली,
पंचवीस अक्षरं, पाच-पाचचे पाच घास.
कव्हरवर परकारांची हिरवी शाई,
चौथ्या घासात एक खडा:
आठ की बी?
आठ नाही.
बी नाही.

बाणकोटला फोन लावला. तिकडे साडेतीन,
जेवून आडवे झाले असणार.
"कोण, विनया? पगार वेळेवर होतो ना गो?"
सांगितलं सगळं. म्हणाले, लिही.
चार वर्षं झाली त्यांना इथून जाऊन,
कागद आणायलाही उठले नाहीत.
"बाणकोटचा बी. शेपटीवाला क्यू. सात.
वहिदाचा व्ही..."
मागे कुणीतरी नारळ सोलत होतं.
"तिथे तीन आहे गो, तीन.
आधी चुकलो होतो, त्यावरच गिरवला.
आणि ऐक, मॅक्रो चालू करू का विचारेल,
व्हायरसची भीती घालेल.
हो म्हण."

हो म्हटलं.
प्रश्नचिन्ह गेलं.
तीन हजार दोनशे पंचवीस दिनार.

माझ्या कॅल्क्युलेटरवर साडेदहा कमी.
पुन्हा केलं. साडेदहाच.
मग परकारांचं सूत्र उघडलं,
माजघरात चप्पल घालून शिरल्यासारखं.
आत एक ओळ, उरलेल्या दिवसांचा अख्खा महिना धरणारी,
आणि शेजारी रोमन अक्षरांत मराठी टीप:
महिना लागला म्हणजे लागला.

किती जणांचे, मोजायला लागले
आणि थांबले.
फोन हातातच होता. मालकांना ठाऊक होतं का,
एवढंच विचारायचं होतं.
ठेवून दिला.

येलय्या दारात, इस्त्रीच्या शर्टात,
चप्पल बाहेर काढून. कुणी सांगितलं नव्हतं.
"मॅडम, पुराने कंप्यूटर से किया ना?"
पुराने से, म्हटलं. जवळजवळ खरंच होतं ते.
प्रिंटरने कागद चावला.
काढला, न फाडता.
उद्या मालक सही करतील,
ते बेरीज बघत नाहीत, पेन चालतं का ते बघतात.

सीडी खोक्यात ठेवण्याआधी
त्या हिरव्या डागाशेजारी
काळ्या मार्करने तीन काढला,
चांगला मोठा.