जिन्याखाली

मुहर्रकच्या त्या मोत्यांच्या व्यापाऱ्याच्या घरात
सिमेंट खरवडलं, की आत समुद्र:
प्रवाळाचा दगड, अजून खारट.
परकारचाचा जीभ लावून सांगतात,
"ओल चढतेय. आज गिलावा नको."

काल जिन्याखाली
जिप्समात उमटलेला एक पंजा निघाला,
करंगळी जरा वाकडी.
नजीबा मॅडमनी काम थांबवलं,
फोटो काढले, काच मागवली.
पाटीवर येणार : कारागीर अज्ञात.

चाचांनी आपला पंजा
न टेकवता, नुसता वर धरला.
केवढा तरी मोठा.
"पोर होतं," म्हणाले.
"मार खाल्ला असणार."

मग थापी माझ्याकडे दिली.
पलीकडच्या ओल्या भिंतीवर
माझी चार बोटं राहिली होती.