रसग्रहण

तेजल शिर्के आली रविवारी, पाठीला सॅक,
हातात यांचा संग्रह, ग्रंथालयाचा शिक्का असलेला,
आतल्या चिठ्ठीवर शेवटची तारीख एकोणीसशे ब्याण्णव.
म्हणाली, काकू, सतराव्या पानावरची घेऊ या.
प्रबंध तिथेच अडलाय.

घे म्हटलं.
झोपाळ्याच्या कड्या करकरतात हल्ली,
म्हणून खुर्चीत बसले.

तिनं पेन्सिलीनं खुणा केल्या होत्या.
तळं म्हणजे नेणीव.
मी म्हटलं, तळं म्हणजे सूरसागर.
त्या साली वास यायचा त्याला
थेट दांडिया बाजारापर्यंत.
हे तिनं लिहून घेतलं नाही.

आणि मगर? दडपलेली वासना?
अगं, मगर म्हणजे मगर.
विश्वामित्रीत आहेत. पावसाळ्यात
कुणाच्या ना कुणाच्या अंगणात निघते.
यांनी पाहिली होती काळ्या घोड्याजवळच्या पुलावरून,
उन्हात पडलेली, जबडा उघडा टाकून,
आणि शेजारी ती होती.

ती कोण, तेजलनं विचारलं नाही.
माझ्याकडे बघून हसली फक्त,
लग्नाचा अल्बम बघताना हसतात तशी.
मीही हसले. काय करणार.
कविता चौऱ्याहत्तरची.
मी या घरात आले एकोणऐंशीत,
नवसारीहून, बसनं, वाटेत दोनदा उलटी होऊन.
फलाटावर उभं राहून
मला कुणी हात हलवला नव्हता.

सगळ्यात सुंदर ही ओळ, तेजल म्हणाली,
‘गेलीस, तरी हात हलतोच आहे.’
हा स्वल्पविराम बघा ना काकू.
सगळं दुःख इथे येऊन थांबलंय.
कवीला पुढे जायचंच नाहीये.
यावर तिची चार पानं लिहून झाली होती.

स्वल्पविराम माझा आहे.
रावपुऱ्यातल्या छापखान्यातून मुद्रितं आली
तेव्हा यांना ताप होता. मीच तपासली,
एका हातानं पापड भाजत.
एक कोपरा जरासा जळलाही.
शाळेत शिकवलं होतं, ‘तरी’च्या आधी द्यावा.
दिला.
यांनी नंतर पाहिला, काही बोलले नाहीत.
दुसऱ्या आवृत्तीतही राहू दिला.

हे तेजलला सांगितलं नाही.
वहीवर ओणवी होऊन ती
इतकं मनापासून लिहीत होती.

माझ्यावर कविता नाही. शोधलं मी,
तेरावं झाल्यावर, बँकेच्या पावत्यांमागे,
पंचांगाच्या समासात.
दळणाची यादी मिळाली, विजेच्या मीटरचे आकडे,
आणि एका पाकिटावर,
कुमुदचे थेंब, दिवसातून तीनदा.
वृत्त नाही. चुकून यमकही नाही.
बरोबरच आहे म्हणा.
कविता गेलेल्या माणसाची होते.
मी कुठे गेले होते?
स्वयंपाकघरात होते.

आता हे गेले, तर मला लिहिता येत नाही.
नुसते थेंब घालते, तीनदा.

तेजलला निघताना लिलो चिवडा बांधून दिला.
स्कूटर चालू करता करता म्हणाली,
काकू, किती भाग्यवान तुम्ही.
हेल्मेट घाल म्हटलं.

रात्री सतरावं पान काढलं.
स्वल्पविरामावर बोट ठेवून वाचली ओळ.
न थांबता गेली ती,
तळ्यावरून, पुलावरून,
सरळ स्टेशनापर्यंत.

बोट काढलं मग.