हानझाकी आणि सुनामेरी

आमच्याकडे त्याला हानझाकी म्हणतात.
मधोमध चिरला तरी जगतो, अशी जुनी समजूत.
ओढ्यात धोंड्याखाली चपटं डोकं, मोहरीएवढे डोळे,
डिवचलं तर अंगाला तिरफळासारखा वास.
बांधाची फळी उचलताना बाबा बजावायचे,
आत बसलाय तो. हात घालू नकोस.

आई खाली, ताकेहाराच्या बंदरात,
फेरीबोटीवर तिकिटं फाडायची.
महिन्यातून दोन शनिवार वर यायची,
संत्री, सुकी मासळी, एक लांबलचक सुस्कारा.
रविवारी शेवटच्या बसनं पुन्हा बुडी.
कियोनोला समुद्र लागलाय, शेजारणी म्हणायच्या.

एकदा बोटीवर मी तिच्याशेजारी उभी असताना
पाण्यातून करडी पाठ आली,
तिच्यावर पर नव्हता.
फुस्स.
मग पाणी जसंच्या तसं.
"सुनामेरी," आई म्हणाली.
"जन्म पाण्यात, मरण पाण्यात,
पण श्वासाला वर यावंच लागतं.
पोराला दूधही पाजते, पोहता पोहता."
आणि उगाचच तिकिटांची चळत
पुन्हा पुन्हा सारखी करत राहिली.

शाळेत ओरितोबाईंनी फळ्यावर दोन रकाने आखले:
उष्ण रक्त, थंड रक्त.
दोघांपैकी मासा कुणीच नाही, त्या म्हणाल्या.
मी वहीत आईला डावीकडे लिहिलं,
बाबांना उजवीकडे.
बाबांचे हात खरोखरच गार असत.

भातं पिवळी पडली की
मादी बिळात अंडी घालून निघून जाते.
मागे नर राहतो.
शेपटीनं पाणी हलवत,
अंड्यांना शिळं पाणी लागू नये म्हणून,
बर्फ पडेपर्यंत, बर्फ पडल्यावरही.
हे बाईंनी सांगितलं नव्हतं.
गोवर आला त्या हिवाळ्यात मला कळलं,
रात्रभर कपाळावरची पट्टी बदलणाऱ्या
त्याच गार हातांनी.
एक शब्द बोलले नाहीत.

बाबा गेले त्या वसंतात
आई एकटीच वर आली, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी,
शनिवार नसताना.
चपला काढून ओढ्यात पाय सोडून बसली.
हेच पाणी खाली तिच्या बंदराला मिळतं,
मधे सिमेंटचे चार बंधारे.

"आत आहे का गं तो?"
"आहे."
"वर येतो कधी?"
"क्वचित."

धोंड्याकडे बघत राहिली.
मग तिनं श्वास सोडला,
फुस्स,
एवढाच.