रौप्यपदक

वडील एकदाच आले माझं नाटक बघायला.
तिसऱ्या रांगेत, लग्नातला कोट घालून.
परतताना सात रस्त्यापर्यंत गप्प.
मग म्हणाले, "पडद्याचं कापड बरं न्हाई.
ताणा सैल सोडलाय कुणीतरी."
माझ्याबद्दल एक शब्द नाही.
मी तीन मिनिटांचा पोस्टमन होतो.

आई विड्या वळायची.
हजार विड्यांत माझा एक अंक पाठ व्हायचा.
तिचं मराठी बाजारापुरतं,
तरी मी अडखळलो की पानावरची कात्री थांबायची.
"इंकोसारि," म्हणायची तेलुगूत. पुन्हा एकदा.
उभ्या आयुष्यात मला मिळालेला
तेवढाच वन्स मोअर.

शिवलीला विंगेत बसायची, दातात टॉर्च धरून,
मांडीवर संहिता.
लोक आवाजाच्या प्रेमात पडतात.
मी पडलो श्वासाच्या,
ओळ सांगण्याआधी ती घ्यायची त्या.
पुढं बिराजदारांच्या बैठकीत
तिच्या वडिलांनी विचारलं, "साळ्याच्या पोरा, करतोस काय?"
मी ओळ विसरलो.
ती दारात उभी होती, आणि तिनं सांगितली नाही.
मग जे बोललो
ते कुणीच लिहिलेलं नव्हतं.

केलं काय? महापालिकेत पाणीपट्टीच्या पावत्या फाडल्या
एकतीस वर्षं.
सौजन्या लहानपणी विचारायची,
"अप्पा, आज पाण्याचा दिवस का तालमीचा?"
चार दिवसांआड नळ यायचा,
आणि नेमकी त्याच रात्री तालीम असायची.
हंडे शिवलीलानं भरले.
हे कुठल्याच श्रेयनामावलीत आलं नाही.

वडील गेले सिव्हिलमध्ये, पहाटे.
बोलणं आधीच थांबलं होतं.
फक्त दोन बोटं अंथरुणावर हलत होती,
तुटलेलं सूत शोधायचं, पीळ द्यायचा, गाठ,
परत शोधायचं.
गिरणी बंद पडून किती वर्षं झाली होती!
मी बघत होतो.
आधी मुलगा म्हणून बघितलं की नट म्हणून,
ते अजून ठरत नाही.

तीन महिन्यांनी स्पर्धा.
म्हाताऱ्याची भूमिका, शेवटचा प्रवेश,
आणि माझ्या हातानं मला न विचारता
ती बोटं काढली.
प्रेक्षागृहात कुणी खोकलंसुद्धा नाही.
आई पाचव्या रांगेत होती
हे मला टाळ्या संपल्यावर आठवलं.

घरी तिनं ताट वाढलं.
कडक भाकरी, शेंगाचटणी, वर तेल.
मी पदक खिशातच ठेवलं होतं,
चोराला जड वाटतं तसं.
ती समोर बसली. सूप मांडीवर घेतलं.
बराच वेळ पानं कापली.
मग माझा उजवा हात धरून म्हणाली,
"उलटं केलास. ते डावीकडनं बांधायचे."
आणि सुपातला लाल दोरा काढून
दाखवलं.
एकदा. माझ्यानं जमेना.
"इंकोसारि."

आता आई नाही.
पदक कुठल्या डब्यात आहे, खरंच माहीत नाही.
शिवलीला म्हणते, रात्री झोपेत
माझ्या पाठीवर तुझी बोटं चालतात.
मी विचारलं, डावीकडून की उजवीकडून?
तिनं श्वास घेतला, तोच, ओळीआधीचा.
"पाठीला काय कळतंय रे, नटा.
झोप. उद्या पाणी आहे."