कूलरचं तोंड

सत्तेचाळीस अंश. नवतपाचा चौथा दिवस.
गांधीबागेत बारानंतर कुत्रीसुद्धा
नालीच्या ओल्या काठाला पोट लावून पडतात.
समोरच्या बंद शटरला टेकून
तो बसला होता, मग कलंडला.
एक चप्पल पायात, एक उन्हात.

मी चष्म्याच्या दुकानात काचा घासतो, एकवीस वर्षं.
दूरचं मला नीट दिसतं.
त्याच्या खिशातला बिडीचा कट्टा दिसला,
ओठाच्या कोपऱ्यावर बसलेली माशी दिसली,
आणि ती उठत नाही, हेही.

खापरेकाका म्हणाले, "टुन्न आहे. सकाळपासून लावली असंल."
मी मान हलवली.
टुन्न हा फार सोयीचा शब्द,
खसच्या ताटीसारखा.
दारावर सोडला की आत गार वाटतं.

झेरॉक्सवाला पाहत होता.
कापडवाल्याचा पोऱ्या पाहत होता, मोबाइल उभा धरून.
मी त्यांना पाहत होतो, ते मला,
आणि प्रत्येकाला वाटत होतं,
खरंच काही असतं
तर बाकीचे असे उभे राहिले असते का?
चाळीस मिनिटं.

मग पंचफुलाबाई आली,
लिंबं विकून रिकामी टोपली डोक्यावर.
कोण, कुठला, काही विचारलं नाही.
खाली बसली. दोन बोटं त्याच्या नाकाखाली धरली.
"दारूचा वासबी नाही. आंग तव्यावानी तापलं,
घामाचा थेंब नाही."
मग आमच्याकडं वळली:
"काय पाहून राह्यले बे? ए चश्मेवाल्या,
कूलरचं तोंड इकडं कर!"

वायर पुरेना. मी ओढला,
टाकीतलं पाणी उंबऱ्यावर सांडलं.
काका ओरडले, "उद्या पोलीस आले
तर साक्षीला तू जाशील का?"
मी हो म्हणालो नाही. नाहीही म्हणालो नाही.
कूलर घरघरत रस्त्यावर वारा टाकत राहिला
आणि मी माझ्या दुकानापासून त्याच्यापर्यंत गेलो.
अकरा पावलं. नंतर मोजली.

ऑटोवाल्यानं ऐंशी रुपये घेतले, आधी घेतले.
मेयोकडं ऑटो वळला तेव्हा
त्याचं डोकं बाईच्या मांडीवर होतं
आणि टोपली माझ्या हातात राहिली होती.
तो वाचला की नाही, माहीत नाही.
बाई पुन्हा त्या रस्त्यानं दिसली नाही,
किंवा आली असेल तेव्हा
मी खाली मान घालून काच घासत असेन.
उन्हातली चप्पल दोन दिवस तिथंच होती.
टोपली अजून माळ्यावर आहे.

काका अजून विचारतात:
ना नात्याचा, ना गावचा,
त्याचं आपण देणं लागतो
हे कुठं लिहिलंय, दाखव.
मला दाखवता येत नाही.
मी रोज लोकांना तक्त्यासमोर बसवतो.
वरचं मोठं अक्षर सगळेच वाचतात.
खालच्या ओळीला अडखळतात,
म्हणतात, "ट असेल. नाहीतर ढ."
मी म्हणतो, अंदाज नको,
दिसत नसेल तर जरा पुढं या.
एकवीस वर्षं म्हणत आलोय.

आता मे महिन्यात
जेवणाच्या सुट्टीत मी डबा उघडत नाही, हिंडतो.
लिंबाखाली, ओट्यावर, हातठेल्याच्या सावलीत
कोणी आडवा दिसला की वाकतो,
दोन बोटं नाकाखाली.
बहुतेक झोपलेले असतात. काही खरंच टुन्न असतात.
परवा एकानं डोळे उघडले,
"कोन हाय बे? झोपू दे न, भैताडा!"
आणि लाथ झाडली. गुडघ्यावर बसली.
"झोपा, झोपा," म्हणत मी उठलो,
लंगडत दुकानाकडं निघालो.
वाटेत ती शिवी
दोनदा स्वतःशी म्हणून पाहिली.
जिवंत माणसाची होती.